न्यूरेंबर्ग पायी: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दोन दिवसांची वाट

मे महिना लागला की आमच्याकडे पाहुण्यांची रांग सुरू होते. आम्ही जर्मनीत एर्लांगनला राहतो. न्यूरेंबर्ग इथून लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवर. आई-बाबा, सासूबाई, मावशी, नवऱ्याच्या मित्राचे आई-वडील अशी बरीच मंडळी आजवर मी या शहरातून फिरवून आणली. पहिल्या खेपेला उत्साहाच्या भरात सगळ्यांना आधी किल्ल्यावर चढवलं. खाली उतरेपर्यंत सगळ्यांचे पाय गेले होते आणि चर्च बंद व्हायची वेळ झाली होती. दोन-तीनदा अशी फजिती झाल्यावर आता वाट पक्की ठरली आहे. ती इथे लिहून ठेवते, म्हणजे दरवेळी फोनवर तासभर सांगायला नको.

किती दिवस?

दोन. म्युनिकहून आयसीई ही वेगवान गाडी तासा-सव्वा तासात आणून सोडते, म्हणून पुष्कळजण अर्ध्या दिवसात उरकून परत जातात. त्यात फोटो निघतात, पण शहर बघायचं राहतं. इथे मुळात दोन शहरं आहेत. एक सम्राटांचं, कारागिरांचं, चित्रकार ड्यूररचं. दुसरं विसाव्या शतकातलं, नाझी मेळाव्यांचं आणि नंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्याचं. पहिल्या दिवशी पहिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. एकाच दिवशी दोन्ही कोंबली तर मन कुठेच ठरत नाही.

वार बघून या. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात आणि खटल्याचं सभागृह मंगळवारी बंद असतं. रविवारी दुकानं बंद, पण संग्रहालयं आणि खाण्याच्या जागा चालू. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. माझ्या मते शनिवार-रविवारची जोडी उत्तम. शनिवारी जुनं शहर, रविवारी दुसरा भाग, आणि घरी न्यायचं काय ते शनिवारीच रात्री आठच्या आत घेऊन टाकायचं.

तिकीट, बूट, सामान

जुन्या शहरात तिकीट लागतच नाही, सगळं पायी. बाकी फिरण्यासाठी मशीनवर 'टागेसटिकेट प्लुस' नावाचा दिवसाचा पास मिळतो. तो एकूण सहाजणांना चालतो, पण त्यांत अठरा वर्षांवरचे दोघंच. शनिवारी घेतला तर रविवारीही चालतो, हे दुसरं कारण शनिवार-रविवार यायचं. बव्हेरिया या इथल्या राज्यात दूरवरून येणार असाल तर 'बायर्न-टिकेट' बघा. ते फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. त्यावर पेनने नाव लिहायचं विसरू नका. स्टेशनात आत-बाहेर करायला फाटक नसतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं कुणी बघत नाही. बघतात. साध्या कपड्यांतला माणूस शेजारी येऊन कार्ड दाखवतो, आणि तिकीट नसलं तर ६० युरो.

विमानाने येणाऱ्यांना यू-२ ही मेट्रो थेट विमानतळावरून मुख्य स्टेशनला आणते, जेमतेम १२ मिनिटांत. या गाडीला चालक नाही. पोरं बरोबर असतील तर अगदी पुढच्या काचेशी जागा पकडा. आमचे बाबा सत्तरीचे आहेत, तेही तिथेच उभे राहतात.

सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. जुन्या शहरात गोट्यांसारख्या दगडांची फरसबंदी आहे, आणि उत्तरेकडे चढ. एकदा ऐकलं नाही आणि मावशीच्या नव्या बॅगेचं चाक किल्ल्याच्या चढावर निखळलं, ते अजून ऐकवलं जातं. बूट मऊ तळव्याचे. साडीवर चप्पल घालून येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. पाण्याची बाटली भरून घ्या, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटलीबंद पाणी घेतलंत तर रिकामी बाटली फेकू नका, बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते आणि सुपरमार्केटच्या मशीनमध्ये ती परत मिळते. स्वच्छतागृहासाठी सुट्टी नाणी खिशात असू द्या.

निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या

२ जानेवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर विमानांनी हे जुनं शहर जवळजवळ पुसून टाकलं. नव्वद टक्क्यांच्या आसपास इमारती गेल्या. आज दिसतं ते बरंचसं नंतर उभं केलेलं आहे. काहीजण हे कळल्यावर हिरमुसतात, 'म्हणजे नकलीच की' म्हणतात. मला उलट वाटतं. इथे जोड शोधत फिरण्यात खरी मजा आहे.

बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांनी ही युक्ती पहिल्याच फेरीत शोधली. इथला दगड तांबूस, वालुकामय. जुना चिरा काळवंडलेला, कडा झिजलेल्या, मध्येच खड्डे. नवा चिरा फिक्कट आणि कडा धारदार. एकाच भिंतीत गुडघ्यापर्यंत एक आणि वर दुसरा असं सर्रास दिसतं. साधी घरं मात्र तंतोतंत परत बांधली नाहीत. रस्त्यांची जुनी आखणी ठेवली, उतरती छपरं ठेवली, आणि आत नव्या पद्धतीची घरं केली. एकदा डोळा बसला की प्रत्येक कोपऱ्यावर थांबावंसं वाटतं.

पहिला दिवस: खालून वर

साडेनऊला स्टेशनसमोरच्या भुयारी मार्गातून पलीकडे निघा. समोर जाडजूड गोल बुरूज दिसेल, तो फ्राउएनटोर. असे चार बुरूज शहराच्या चार कोपऱ्यांना आहेत. तटबंदी पाच किलोमीटरची होती, त्यातली बरीचशी अजून उभी आहे. बुरुजाच्या पायथ्याशी कारागिरांचं छोटंसं अंगण आहे. ते १९७१ सालचं, पर्यटकांसाठी केलेलं. पाच मिनिटं बघा आणि पुढे व्हा.

सरळ रस्त्याने दहा मिनिटांत सेंट लोरेन्झ चर्च येतं. इथे घाई नको. आत गेल्यावर उंचावर टांगलेली लाकडी मूर्ती दिसेल: देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी देतो आहे, भोवती गुलाबांची माळ. फाइट श्टोस याने ती १५१७-१८ मध्ये कोरली. डावीकडे जवळजवळ वीस मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे, प्रसाद ठेवण्यासाठी केलेला. आडाम क्राफ्टने १४९३ ते १४९६ या काळात तो घडवला. वर बघा: शेंडा छताला टेकायला आला म्हणून तो वेलीच्या टोकासारखा वळवला आहे. मग खाली बघा. सगळा भार पाठीवर घेऊन एक दाढीवाला माणूस गुडघा टेकून बसला आहे, हातात छिन्नी-हातोडा. तो स्वतः क्राफ्ट. आपल्याकडे एवढी लेणी कोरली गेली, पण कारागिराने स्वतःला असं पायाशी बसवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

चर्चपासून उतरत गेलात की पेग्निट्झ नदी. पुलावर उजवीकडे बघा, नदीवर कमानी टाकून बांधलेली इमारत दिसेल. चौदाव्या शतकात एका श्रीमंत व्यापाऱ्याने गरीब-म्हाताऱ्यांसाठी काढलेलं हे रुग्णालय. फोटो इथेच घ्या, तिथे जवळ जाऊन मिळत नाही.

बाराच्या ठोक्याला चौकात

पावणेबाराला हाउप्टमार्क्ट या चौकात पोचायचं. फ्राउएनकिर्श चर्चच्या दर्शनी भागावर घड्याळ आहे, १५०९ सालचं. दुपारी बाराला त्यातून सात छोटे पुतळे निघतात आणि मध्ये बसलेल्या, पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट असलेल्या चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या मारतात. हे सात म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे आणि धर्मगुरू. हा हक्क १३५६ च्या ज्या सनदेने कायम केला, तिचा मोठा भाग याच शहरात जाहीर झाला. घड्याळावरचा निळा-सोनेरी गोळा चंद्राची कला दाखवतो. तिथी बघणाऱ्या सासूबाईंना घड्याळापेक्षा तोच आवडला.

पण पुतळ्यांना टाळ्या वाजवून झाल्या की एक गोष्ट बरोबरच्यांना सांगाच. हा चौक मोकळा नव्हता. इथे ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये याच चौथ्या कार्लच्या संमतीने ती पाडली गेली, साडेपाचशेहून अधिक ज्यू मारले गेले, आणि त्यांच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या जागी हे चर्च उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी जे बघायचं आहे, त्याआधी हे माहीत असलेलं बरं.

चौकाच्या कोपऱ्यात देवळाच्या शिखरासारखं सोनेरी-रंगीत काहीतरी उभं दिसेल. ते कारंजं आहे, सुमारे १९ मीटर उंच. मूळ चौदाव्या शतकातलं, आज आहे ती प्रतिकृती. मूळ दगडाचे तुकडे जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जाळीत पितळी कडी अडकवली आहे, ती फिरवून इच्छा मागायची. तिथे रांग असते. गावातले लोक म्हणतात की खरी कडी ती नव्हेच, दुसऱ्या बाजूची काळी लोखंडी. मी पाहुण्यांना दोन्ही फिरवायला लावते.

जेवण, आणि बटाट्याच्या कोशिंबिरीचा किस्सा

न्यूरेंबर्गचा सॉसेज बोटाएवढा असतो, सात ते नऊ सेंटीमीटर. नियमच आहे तसा. रस्त्यावर पावात तीन घालून देतात, मागताना म्हणायचं 'द्राय इम वेक्ला'. तो डुकराच्या मांसाचा असतो, खायचा की नाही ते आपलं आपण ठरवा.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, फसगत मात्र होते. एकदा चौकाजवळच्या एका खाणावळीत सासूबाईंसाठी बटाट्याची कोशिंबीर घेतली. बटाटा, कांदा, मोहरी, त्यात काय असणार? अर्धी बशी संपल्यावर शेजारच्या बाईंनी सांगितलं की इकडे ती गरम मांसाच्या पाण्यात कालवतात. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलल्या. तेव्हा विचारा: 'ओने फ्लाइशब्र्यूए?', म्हणजे 'मांसाच्या पाण्याशिवाय?' बटाट्याचा मोठा गोळा रश्श्यात देतात, तो रस्साही भाजलेल्या मांसाचाच. निर्धास्तपणे घ्यायचं ते 'केझेश्पेट्झले', चीजमध्ये घोळलेल्या शेवयांसारख्या पिठाच्या तुकड्या, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतं. अंडंही चालत नसेल तर मीठ लावलेलं ब्रेत्झेल आणि चौकातल्या बाजारातली फळं. चेरीच्या दिवसांत मला तेच जेवण पुरतं. बिल देताना रक्कम वरच्या आकड्यावर नेऊन सांगायची, टेबलावर पैसे ठेवून उठायची पद्धत नाही. रोख जवळ असू द्या.

ड्यूररच्या घराकडे

जेवून वर चढायला लागा. वाटेत सेंट सेबाल्ड चर्च. आत पितळेची नक्षीदार समाधी आहे, पेटर फिशर आणि त्याच्या मुलांनी १५१९ मध्ये पूर्ण केलेली. खाली वाका. एवढं अवजड काम गोगलगाईंच्या पाठीवर तोललेलं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर गोगलगाई मोजायला लावा, तुम्हाला दहा मिनिटं शांतता मिळेल.

किल्ल्याच्या पायथ्याशी, टिअरगेर्टनरटोरच्या चौकात आल्ब्रेख्त ड्यूररचं घर. १५०९ मध्ये त्याने ते घेतलं आणि १५२८ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडी चौकटीचे. आत स्वयंपाकघर आहे, छपाईचं यंत्र आहे, ठसे कसे काढत ते दाखवतात. पाऊण ते एक तास द्या.

आणि गेंडा बघा. ड्यूररचं सगळ्यांत गाजलेलं लाकडी ठशाचं चित्र १५१५ सालच्या गेंड्याचं आहे, आणि तो गेंडा आपल्या बाजूचा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, आणि गोव्याहून जहाजात चढून तो १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. तिथून एक पत्र आणि एक रेखाटन या शहरात पोचलं. ड्यूररने गेंडा जन्मात पाहिला नव्हता. त्याने कातडीला चिलखतासारखे पत्रे चढवले, पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग दिलं, आणि पुढे दोनेक शतकं युरोपला गेंडा तसाच माहीत होता. बिचारा खरा गेंडा पोपकडे पाठवताना जहाज बुडून मेला. गोव्याच्या मावशीने या चित्राची पोस्टकार्डं डझनभर घेतली.

किल्ला

उन्हाळ्यात सहाला बंद होतो, हिवाळ्यात चारला, म्हणून साडेतीनच्या पुढे जाऊ नका. खोल विहीर सोडू नका. खडकात पन्नासेक मीटर खणलेली आहे. गाईड वरून पाणी ओततो आणि सगळे श्वास रोखून खालच्या आवाजाची वाट बघतात. मग मेणबत्त्या खाली सोडतो, प्रकाश टिकलीएवढा होत जातो. गोल बुरुजावर चढलात तर सबंध शहराची छपरं दिसतात. पायऱ्या झेपत नसतील तर तटावरची बाग फुकट आहे, बसायला बाकं आहेत. किल्ल्यातल्या जुन्या कोठारात, पंधराव्या शतकाच्या शेवटच्या, आता युवा वसतिगृह आहे. विद्यार्थ्यांनो, महिनोन्‌महिने आधी जागा धरा.

उतरताना वाइसगेर्बरगासे या चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीतून या. लाकडी चौकटीची ही घरं बॉम्बमधून वाचलेली, म्हणजे इथे जोड शोधायची गरज नाही. पुढे नदीवर जल्लादाचा लाकडी पूल. फ्रान्झ श्मिट नावाचा इथला जल्लाद चाळीसेक वर्षं नोकरी करून गेला आणि प्रत्येक फाशीची नोंद ठेवून गेला. संध्याकाळी परत ड्यूररच्या चौकात जायचं. लोक फरसबंदीवरच बसलेले असतात. तुम्हीही बसा.

अंगात त्राण असेल तर खडकातली बिअरची तळघरं बघता येतात, गाईडबरोबरच. चौदाव्या शतकापासून खणलेली, युद्धात लोकांनी इथेच जीव वाचवला. जूनमध्येही स्वेटर लागतो.

दुसरा दिवस: आधी खटला, मग मैदान

पुष्कळजण मैदानापासून सुरुवात करतात. मी उलट नेते. यू-१ ने बेरेनशान्झेला उतरा, दोन मिनिटांवर न्यायालय आहे. याच मार्गावर, न्यूरेंबर्ग ते फ्यूर्ट, ७ डिसेंबर १८३५ ला जर्मनीची पहिली वाफेची गाडी धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर १८ वर्षांनी.

सहाशे क्रमांकाच्या सभागृहात २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. आरोपींच्या पिंजऱ्यात २१ जण होते. एकूण १२ जणांना फाशी सुनावली गेली, त्यातला एक गैरहजर. खोली बघून लोक म्हणतात, 'एवढीशीच?' तेव्हा पत्रकारांसाठी मागची भिंत पाडून ती मोठी केली होती, नंतर पूर्ववत केली. वरच्या मजल्यावरच्या प्रदर्शनाला दीड तास धरा. चार भाषांत एकाच वेळी भाषांतर ऐकवण्याची सोय इथे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच झाली, त्या हेडफोनपाशी थांबा.

तिथून दक्षिणेला मेळाव्यांचं मैदान. 'डोकू-त्सेन्ट्रुम' थांब्याच्या ट्रामने जा. १९३३ ते १९३८ दरवर्षी इथे नाझी पक्षाचे मेळावे भरले. तळ्याकाठी अर्धवट राहिलेलं सभागृह रोमच्या कोलोसियमवर बेतलेलं आहे. पलीकडे त्सेपेलिन मैदान, तिथले दगडी ओटे झिजले आहेत, काही भागांना कुंपण आहे. शेजारी पोरं स्केटिंग करत असतात, तेही बघण्यासारखंच.

दोन सूचना आपल्या लोकांना मुद्दाम. हात पुढे करून त्या सलामीचा फोटो, गमतीतसुद्धा, काढायचा नाही. जर्मनीत तो गुन्हा आहे. आणि स्वस्तिक असलेली पर्स, टी-शर्ट, गळ्यातलं पदक त्या दिवशी घरी ठेवा. आपलं चिन्ह वेगळं, हे आपल्याला माहीत. त्या मैदानात शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला समजावत बसायची वेळ आणू नका.

शेवटी मैदानातल्या मोठ्या रस्त्यावर चाला. ग्रॅनाइटच्या फरशा, ६० मीटर रुंद, दोनेक किलोमीटर आखलेला, पूर्ण न झालेला. आज जत्रा-प्रदर्शनांच्या वेळी तिथे गाड्या उभ्या करतात. त्याची रेघ नीट किल्ल्याच्या दिशेने ओढलेली आहे. आपण जुन्या साम्राज्याचे वारस आहोत, हे नाझींना दाखवायचं होतं. बाबांनी मोबाइलवर होकायंत्र लावून ती दिशा तपासली, मग फरशीवर बुटाचं टोक घासून म्हणाले, "काम पक्कं केलंय, आणि कशासाठी केलंय बघ."

परतीच्या गाडीला अवकाश असेल तर लेबकुखन घ्या. लवंग, दालचिनी, वेलदोड्याचा हा गोड पदार्थ इथे बारा महिने मिळतो, फक्त बहुतेकांत अंडं असतं. १५०५ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात इथल्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले होते, ते याच मसाल्यांपायी. 'एलिझेन' लिहिलेला घ्या, त्यात पीठ नावापुरतं, बाकी सुकामेवा. डबा पत्र्याचा असेल तर मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा, नाहीतर पुण्यापर्यंत चेपतो.